तीन लाखांच्या कागदावर सही करायची का?

पत्र : माझे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत, गवंडीकाम करतात. १९ जानेवारीला रात्री कामावरून मोटारसायकलने परत येताना ते उसाच्या डबल ट्रॉलीला मागून धडकले. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, नुसते चार दगड लावलेले. मिस्टरांचा डी-१२ मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही जाणीव नाही. लघवी नळीनं काढावी लागते. रात्री मी मोबाइलवर दर दोन तासांनी गजर लावते आणि उठून त्यांना कुशीवर वळवते. मी मजुरीला जायचे, ते बंद झालंय. मुलं दोन, शाळेत आहेत. ट्रॅक्टरमालक शेजारच्याच गावचे. गेल्या आठवड्यात दोन पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, तीन लाख देतो, आमची काही तक्रार नाही असं स्टँपवर लिहून द्या. सासरे म्हणतात घेऊन टाका, आपल्याला इथंच राहायचंय. मिस्टर म्हणतात, धडक मीच मारली, आता मागायचं कोणत्या तोंडानं? एक एजंट पण येऊन गेला. मिळेल त्यातले तीस टक्के मागतोय. मी काय करू?
– एक भगिनी, जि. सांगली

ताई,

सही करू नका. बाकी सगळं सविस्तर लिहिते, पण पुढचं वाचण्याआधी कोणी दारात आलंच, तर एवढं लक्षात असू द्या : कोऱ्या किंवा लिहिलेल्या कोणत्याही कागदावर तुमची, मिस्टरांची किंवा सासऱ्यांची सही नको, अंगठाही नको. पाहुण्यांना चहा द्या आणि सांगा, वकिलांना विचारून कळवतो.

तीन लाख ही रक्कम कुठून आली असेल, याचा अंदाज मला आहे. आजवरचा दवाखान्याचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून कोणीतरी ती ठरवली असेल. पण दवाखान्याचा खर्च हा या नुकसानीतला लहान भाग आहे. मोठा भाग अजून यायचाय. ३४ वर्षांच्या माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्यातली नळी, गादी, औषधं, गेलेली रोजची मजुरी आणि त्यांच्यासाठी झिजणारं तुमचं शरीर, या सगळ्याची भरपाई मागायची आहे. आणि ती एकदाच मागता येते. पाच वर्षांनी जखम चिघळली, किडनीला त्रास झाला, म्हणून दुसऱ्यांदा अर्ज करायची सोय कायद्यात नाही. म्हणून पुढचा सगळा खर्च आजच मोजून मांडायला हवा.

सासऱ्यांची काळजी मी हलक्यात घेत नाही. बांधाला बांध लागलेल्या गावांत वैर परवडत नाही, हे खरंच आहे. पण त्यांना एक गोष्ट समजावून सांगा. ट्रॅक्टरचा विमा चालू असेल तर पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो यासाठीच, आणि माणसाच्या इजेसाठी त्यात कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नसते. म्हणजे दावा लावला की मालकाचं घर विकायला काढलं, असं होत नाही. उलट मालकानं पॉलिसीची, आरसी बुकाची आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत सरळ काढून दिली तर त्यांचंही भलंच होतं. विमा नसेल किंवा संपलेला असेल, तर मात्र जबाबदारी मालकावर येते. तीन लाखांची घाई त्यातूनही आलेली असू शकते. म्हणून आधी पॉलिसी बघायची, मग बोलायचं.

ऊसवाहतुकीच्या बाबतीत एक मेख असते. ट्रॅक्टरची पॉलिसी बरेचदा शेतीकामासाठी घेतलेली असते आणि ट्रॅक्टर मात्र कारखान्याच्या भाडेवाहतुकीत असतो. ट्रॉलीची वेगळी नोंदणी किंवा विमा नसतो. कंपनी कोर्टात हे मुद्दे काढणार, त्याची तयारी ठेवा. अशा प्रकरणांत कोर्ट अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ट्रॅक्टर एकाचा आणि ट्रॉल्या दुसऱ्याच्या असतील तर दोघांनाही अर्जात सामनेवाले करायला सांगा.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांनी स्वतःला गुन्हेगार ठरवून टाकलंय आणि मला याचंच जास्त वाईट वाटलं. मागून धडकणाराच दोषी, हे गावातल्या कट्ट्यावरचं गणित आहे, कायद्याचं नाही. रात्रीच्या अंधारात, रस्त्याच्या मधोमध, दिव्याशिवाय आणि रिफ्लेक्टरशिवाय वाहन उभं करणं हाच निष्काळजीपणा आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं असंच प्रकरण होतं : हायवेवर मधोमध उभा केलेला मोठा ट्रेलर, ना दिवे ना इशाऱ्याची खूण, आणि मागून येऊन आदळलेली कार. खालच्या कोर्टांनी कारवाल्याच्या पदरात दोष घातला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो काढून टाकला आणि सगळी जबाबदारी ट्रेलरवर ठेवली. तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट तशीच सिद्ध होईल असं मी म्हणत नाही. समजा कोर्टानं मिस्टरांचा वीस-तीस टक्के दोष धरला, तर तेवढी रक्कम कमी होते, उरलेली मिळतेच. हेल्मेट नव्हतं असंही कंपनी म्हणेल. हेल्मेट डोकं वाचवतं, डी-१२ मणका नाही, हे वकिलांनी कोर्टाला सांगायला हवं.

पण यासाठी ट्रॉली तिथं अंधारात उभी होती, हे कागदावर यायला हवं. पोलिसांकडून एफआयआरची आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या आणि नीट वाचा. पंचनाम्यात दिवे, रिफ्लेक्टर, दगड, ट्रॉली रस्त्यात किती आत होती, याबद्दल काय लिहिलंय? काहीच नसेल तर त्या रात्री मदतीला आलेल्यांचे जबाब नोंदवा, असा लेखी अर्ज पोलीस निरीक्षकांना द्या आणि पोच घ्या. कोणाच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचे फोटो असतील तर ते आजच घ्या, फोन बदलला की गेले. फिर्याद उशिरा नोंदवली म्हणून दावा पडतो, असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. जखमीचा जीव वाचवण्यात घरचे गुंतलेले असतात, हे कोर्टाला समजतं. आणि इथं पुरावा फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागत नाही. जास्त शक्यता कोणत्या बाजूची, एवढंच पाहिलं जातं.

तारखेचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. तुमच्यासाठी ती मुदत १९ जुलैला संपते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी त्यावर विसंबू नका, अंतरिम आदेश बदलू शकतो. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जिथं झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथंही तो लावता येतो, म्हणजे लांब जायची गरज नाही. अर्जदार तुम्ही नाही, मिस्टर असतील. त्यांची बुद्धी, वाचा, हात शाबूत आहेत, सही तेच करतील. साक्षीसाठी त्यांना झोपवून कोर्टात न्यावं लागेल ही भीतीही नको. घरी येऊन कोर्ट कमिशनरनं जबाब घ्यावा, अशी विनंती करता येते.

तुमच्या पत्रात तुम्ही गजराचं एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमच्या दाव्यातला सगळ्यात मोलाचा पुरावा तिथं आहे.

एक दोनशे पानी वही घ्या. रोज तारीख टाकून लिहा : किती वाजता उठवलं, कोणत्या कुशीवर वळवलं, नळी किती वेळा घातली, लघवी गढूळ होती का, ताप आला का, संडाससाठी किती वेळ गेला, माकडहाडावर किंवा टाचेवर कातडी लाल दिसली का. फिजिओथेरपीवाले आले तर त्यांची सही घ्या. तुमची मजुरी बुडाली ते दिवस वेगळे लिहा. रिक्षा, गाडीभाडं, ग्लोव्हज, जेली, डायपर, एअर मॅट्रेस, जखमेवरच्या पट्ट्या, सगळ्याच्या पावत्या त्याच वहीत चिकटवा. मेडिकलवाला कच्ची चिठ्ठी देत असेल तर पक्कं बिल मागा. कोर्टात विमा कंपनीचा वकील विचारतो, घरचीच बाई सेवा करते, त्याला खर्च कसला? त्याचं उत्तर ही वही आहे.

कारण तुमच्या या कामाला कायद्यात किंमत आहे. मेंदूला इजा होऊन कायमची परावलंबी झालेल्या १२ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये देखभालीचा हिशेब मांडला होता. बारा तासांच्या एका मदतनीसाला महिना ५,००० रुपये, असे दोन मदतनीस, आणि वयाचा गुणक १८, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा. एकट्या देखभालीचे २१ लाख ६० हजार झाले. तो अपघात २००७ चा होता, तेव्हाचे दर धरून. देखभालीची रक्कम अंदाजपंचे ठोक द्यायची नाही, उत्पन्नासारखीच गुणकानं मोजायची, हे त्या निकालानं पक्कं केलं. तुमच्या अर्जात 'मदतनीस खर्च' हे शीर्षक स्वतंत्र हवं. ते नसेल तर मसुद्यावर सही करण्याआधी वकिलांना घालायला सांगा.

गुणक म्हणजे काय, तेही सांगते, म्हणजे कोणी आकडे फेकले तर तुम्हाला पडताळता येतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता आहे. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा धंदा करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावरच्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात. हा निकाल मृत्यूच्या प्रकरणातला असला तरी कायमच्या अपंगत्वालाही ही वाढ लागू होते. आता समजा, कोर्टानं मिस्टरांचं उत्पन्न महिना १५,००० धरलं. त्यात ४० टक्के मिळवून २१,०००. वर्षाचे २,५२,०००. गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००. ही फक्त बुडालेल्या कमाईची रक्कम झाली. जखमी माणूस हयात असल्यामुळे यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावटही होत नाही. झालेला दवाखाना, पुढचे उपचार, मदतनीस, यातना, जगण्यातल्या गेलेल्या सुखांची भरपाई, हे सगळं वेगळं. २०२४ च्या एका निकालात ९० टक्के अपंगत्व आलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या वेदना आणि यातनांपोटी १५ लाख दिले. तुम्हाला अमुक इतकेच मिळतील असं वचन मी देऊ शकत नाही. पण हे आकडे घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि शेजारी ते तीन लाख ठेवा.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून खचू नका. गवंड्याला सॅलरी स्लिप कोण देणार? बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर ते कार्ड, ठेकेदाराच्या हजेरीवहीचं पान, फोनपेवर आलेले पैसे, ज्यांची घरं बांधली त्यांच्यापैकी दोघांची साक्ष, हे पुरतं. काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाचा आधार घेतं, पण तेवढ्यावर अडूनच राहिलं पाहिजे असं नाही. कुशल गवंडी आणि बिगारी यांच्या हजेरीत फरक असतो, तो ठेकेदाराच्या तोंडून आला पाहिजे.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून दाखला काढा. त्यावर जी टक्केवारी येईल, समजा ८० टक्के, ती शरीराची आहे, कमाईची नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हाच भेद स्पष्ट केला : कोर्टानं पाहायचं ते हे, की या माणसाची या कामातली कमाई किती गेली. दोन्ही पायांतली शक्ती गेलेला गवंडी परांचीवर चढू शकत नाही, ओणवा होऊन विटा लावू शकत नाही. त्याच्या पूर्वीच्या कामापुरतं नुकसान शंभर टक्के आहे. पण नुसता दाखला फाइलला लावून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आत्ताच विनंती करून ठेवा आणि त्यांच्याकडून पुढच्या उपचारांचा आणि साधनांचा अंदाजही लेखी घ्या.

एजंटला परत पाठवा. मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे, मग मधल्या माणसाला तीस टक्के कशाचे? अपंग व्यक्तीला आणि स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आहे त्यासाठी. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. फोन करायचा तर १५१००. मिळालेला वकील फोन उचलत नसेल तर तिथंच लेखी सांगून दुसरा मागता येतो. खासगी वकील द्यायचाच असेल तर फी किती आणि कधी, हे लिहून घ्या.

आणखी दोन ठिकाणी सांभाळा. कोणी म्हणेल, कलम १६४ खाली गंभीर दुखापतीचे अडीच लाख दोष सिद्ध न करताच मिळतात, ते घ्या. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. तुमच्यासाठी ती वाट नाही. दुसरं, लोकअदालत. लोकअदालत वाईट नाही, वर्षं वाचतात. पण तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही. तिथं जायचं ते दाखला, पुढच्या उपचारांचा अंदाज आणि वहीतला हिशेब हातात आल्यावर, आणि आकडा मिस्टरांना मान्य असेल तरच. दावा काही महिन्यांत निकाली निघेल असं मी सांगणार नाही, वेळ लागतो. मात्र मंजूर रकमेवर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून व्याज धरतात, म्हणूनही अर्ज लवकर दाखल झालेला बरा. रकमेचा मोठा भाग कोर्ट बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. घराला रॅम्प, मोठ्या दाराचा संडास, चांगली व्हीलचेअर यासाठी किती रोख लागेल, हे त्याच वेळी कोर्टाला सांगा.

तोवर घर चालवायला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात भरा. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर कायमच्या अपंगत्वाच्या अर्थसाहाय्याचाही अर्ज करा. घरात सातबारा असेल तर तालुका कृषी कार्यालयात गोपीनाथ मुंडे अपघात योजनेची चौकशी करून या. तिची अर्जाची मुदत फार थोडी असते, उशिराचं कारण लेखी द्यावं लागेल.

शेवटी एक, जे कोर्टाच्या वाटेवर असलेली पुष्कळ घरं चुकवतात. केस चालू आहे, साहेब बघतील, म्हणून माणसाला खाटेवरून हलूच देत नाहीत. व्हीलचेअरवर दिसला तर पैसे कमी होतील ही धास्ती. असं मुळीच करू नका. पाच वर्षांचा असताना अपघातात कायमचं अपंगत्व आलेला एक मुलगा पुढे शिकून वकील झाला, आणि तरीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची भरपाई वाढवून दिली. मिस्टरांचे हात चांगले आहेत आणि डोक्यात बांधकामाचा सगळा हिशेब आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथं अशा रुग्णांना खुर्चीत बसायला, खुर्चीतून पलंगावर सरकायला आणि स्वतःची नळी स्वतः घालायला शिकवतात. ते जमलं तर तुमची रात्रीची झोप परत मिळायला लागेल. जाताना एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, आणि तिथं मिळणारा प्रत्येक कागद झेरॉक्स काढून दाव्याच्या फाइलला लावा.